ऑर्केस्ट्रातले हॉर्नवादक वाद्याच्या पसरट तोंडात हात का घालून बसतात?

वाद्याला टेकू म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. थोडं खरं आहे, पण खरं काम सुराचं. तळवा जरा मिटला की सूर उतरतो, उघडला की चढतो.

एफ हॉर्नची (एफ या स्वरात लावलेल्या हॉर्नची) नळी उलगडली तर सुमारे ३.७ मीटर भरेल. तिच्यातून निघणारे नैसर्गिक स्वर (नळीची लांबी न बदलता नुसत्या ओठांनी निघणारे, खालून वर मोजले जाणारे) पियानोच्या पट्टीशी जुळतातच असं नाही. पाचवा साधारण १४ सेंट उतरलेला (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर), सातवा ३१; त्याला तर सहसा टाळतातच. गंमत म्हणजे तो पाचवा म्हणजे तंबोऱ्यात ऐकू येणारा आपला स्वयंभू गंधार! शेजारचे हॉर्न षड्ज-पंचम धरून असतील तर तोच गोड लागतो, आणि पियानोसोबत तोच बेसूर.

त्यात थंड वाद्य उतरतं. म्हणून लांब विश्रांतीत वादक नळीत गुपचूप गरम फुंकर मारत राहतात. मधूनच हॉर्न गोल फिरवून पाणी काढताना दिसतील. ती थुंकी नव्हे हो, बहुतेक श्वासातली वाफच. न काढलं तर ऐन हळुवार जागी गुळगुळ ऐकू येते.