वाचक विचारतात : घाटातले बँकर जाणार का?

प्रश्न : मुंबईहून येताना कसाऱ्याला आमच्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लागतात, वंदे भारत मात्र तोच घाट त्यांच्याशिवाय चढते. तिचे इंजिन इतके शक्तिमान आहे का? आणि पुढे इतर गाड्यांचेही बँकर बंद होतील का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : वंदे भारतला वेगळे इंजिनच नाही, आणि तिचे सगळे बळ त्यातच आहे. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या थळ घाटात, म्हणजेच कसारा घाटात, चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते. इंजिनासह सुमारे १,३०० टन भरणारी चोवीस डब्यांची गाडी या चढावर नुसती घसरू न देण्यासाठीच सुमारे ३५ टनांचा जोर लागतो. डब्यांचे घर्षण आणि वळणांचा अडथळा त्याशिवाय. आपल्याकडील डब्ल्यूएपी-७ हे ६,३५० अश्वशक्तीचे इंजिन निघताना जास्तीत जास्त सुमारे ३३ टनांचा जोर लावू शकते. आता अश्वशक्ती दुप्पट केली तर काम होईल, असे वाटणे साहजिक आहे. पण लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरची पकड त्या चाकावर पडणाऱ्या भाराच्या फार तर चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी असते आणि पावसात ती आणखी कमी होते. १२३ टनांच्या इंजिनाने याहून जास्त जोर लावला, तर चाके जागच्या जागी फिरू लागतील.

वंदे भारतच्या सोळा डब्यांपैकी आठ डब्यांखाली मोटारी आहेत. त्यामुळे गाडीचे जवळजवळ अर्धे वजन पकडीसाठी उपयोगी पडते, आणि भर पावसात पकड १५ टक्क्यांवर आली तरी एकूण वजनाच्या सुमारे साडेसात टक्के जोर मिळू शकतो. चढाला लागतात ते जेमतेम २.७ टक्के. ही कल्पना मुंबईकरांना नवी नाही, कारण १९२५ पासून धावणाऱ्या विजेच्या लोकलही डब्यांखालच्या मोटारींवरच चालत आल्या आहेत.

बँकर मागे लावण्याचे कारण केवळ जोराचे नसते. सगळी ओढ पुढूनच दिली, तर पहिल्या कपलिंगवर अतोनात ताण येतो, आणि ते तुटले तर मागचे डबे उताराला लागतात. मागे इंजिन असले की ते त्यांना अडवून धरते. म्हणूनच बँकर टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे गाडीच्या दोन्ही टोकांना कायमची इंजिने लावून ती पुढच्या एकाच लोको पायलटच्या हाती देणे. मुंबई–निजामुद्दीन राजधानीत २०१९ मध्ये ही पुश-पुल पद्धत आली आणि तिचा कसाऱ्याचा खोळंबा मिटला.

मालगाड्यांचे बँकर मात्र इतक्यात सुटतील, असे आम्हांला वाटत नाही. लांब गाडीच्या मध्ये किंवा शेवटी इंजिन जोडून ते बिनतारी यंत्रणेने पुढून चालवता येते, परंतु बोगद्यांच्या घाटात तो संदेश अखंड मिळालाच पाहिजे. खात्रीचा उपाय रुळांखाली आहे, तो म्हणजे चढच सौम्य करणे. कोकण रेल्वेने सह्याद्रीच्या पायथ्याची डोंगराळ वाट असूनही चढ १:१५० इतका मर्यादित ठेवला. त्याची किंमत म्हणून करबुड्यासारखा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा खोदावा लागला.

प्रश्न : भोर घाट उतरताना गाडी वीज परत देते, हे खरे आहे का?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : होय. उतारावर मोटारी जनित्रासारख्या फिरतात, गाडीचा वेग आवरतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत सोडतात. त्याच वेळी दुसरी गाडी चढत असेल, तर ती वीज तिला मिळते. ब्रेकची झीजही कमी होते. तरीही हवेचे ब्रेक तयार ठेवावेच लागतात, कारण तारेतील वीज गेली तर हा विजेचा लगाम सुटू शकतो.