सॅट परीक्षेला मुलांनी सोबत काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं?

तुमचा मुलगा पहिल्यांदाच सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा देतोय, म्हणून आधी लॅपटॉपबद्दल सांगते. पेन्सिल आणि खोडरबर दिलं की झालं, असं मलाही वाटायचं. पण अमेरिकेत मार्च २०२४ पासून ही परीक्षा ब्लूबुक नावाच्या ॲपवर होते आणि लॅपटॉप किंवा आयपॅड मुलांनीच न्यायचा असतो. क्रोमबुक चालतं, पण शाळेने दिलेलं. घरचं स्वतःचं चालत नाही.

परीक्षा २ तास १४ मिनिटांची, मध्ये १० मिनिटांची सुट्टी. बॅटरी मात्र तीन-चार तास टिकायला हवी, कारण बाकाजवळ प्लग मिळेलच असं नाही. चार्जर तरीही द्या. माझ्या लेकीने घरी सराव परीक्षा दिली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप दीड तासातच मान टाकायला लागला. सॅट घेणाऱ्या संस्थेकडून, म्हणजे कॉलेज बोर्डाकडून लॅपटॉप उसना मिळतो, पण त्यासाठी किमान ३० दिवस आधी अर्ज करावा लागतो. ती मुदत उलटून गेली होती, म्हणून शेवटी दिरांचा लॅपटॉप आणला. तुम्ही ही बॅटरीची परीक्षा आजच घेऊन टाका.

परीक्षेच्या आधीच्या पाच दिवसांत ब्लूबुकमध्ये ‘एक्झाम सेटअप’ करायचा असतो, त्यानंतरच प्रवेशपत्र मिळतं. त्याची छापील प्रत घ्या, फोनवर विसंबू नका. फोटो असलेलं मूळ ओळखपत्रही हवं: शाळेचं, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. आणि नाव नीट ताडून पाहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, शाळेत ते गळलेलं असतं, कुठे ‘ओंकार’चा ‘ओम’ झालेला असतो. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळायला हवं. फरक दिसला तर दुरुस्तीला आठवडाभर तरी हाताशी ठेवा.

कॅल्क्युलेटरची फार काळजी करू नका. ॲपमध्येच डेस्मॉसचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे आणि गणिताच्या दोन्ही भागांत तो वापरता येतो. हाताला सवय असेल तर टीआय-८४ सारखा स्वतःचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर खुशाल न्यावा. मात्र समीकरणं स्वतःच सोडवून देणारे, ‘कॅस’ असलेले कॅल्क्युलेटर ऑगस्ट २०२५ पासून बंद झालेत. थोरल्या भावंडाचा जुना देणार असाल तर मॉडेल बघून घ्या.

पेन किंवा पेन्सिल न्यावी, कच्चा कागद तिथेच देतात आणि शेवटी परत घेतात. स्वतःचे कागद, स्मार्ट घड्याळ, इअरबड घरीच राहू द्या. फोन केंद्रावर काढून घेतात. तो पूर्ण बंद करूनच द्यायला सांगा, कारण परीक्षा चालू असताना वाजला तर परीक्षा रद्द होऊ शकते. अभ्यास केलेल्या पोराचं असं नुकसान झालं की फार जीव तुटतो हो.

खाऊ आणि पाणी द्या, पण ते बाकावर ठेवता येत नाही, मधल्या सुट्टीतच खायचं. एखादा स्वेटरही असू द्या. मुलाला तीव्र ॲलर्जी असेल तर एपिपेन, म्हणजे ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन नेता येतं, वेगळी परवानगी लागत नाही. ते पारदर्शक पिशवीत घालून बाकाखाली ठेवायचं असतं.