ट्राइकसाठी (तीनचाकी मोटरसायकलसाठी) ट्रेलर घेतोयस? आधी मोजायची टेप काढ

भावा, अ‍ॅल्युमिनियमचाच घे, वजनाला हलका आणि इकडे ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने स्टीलसारखा गंजत पण नाही, पैसे जास्त जातात ते जाऊ दे. पण आधी रुंदी मोज. तुझी कॅन-अ‍ॅम स्पायडर ट्राइक, पुढे दोन चाकं असल्याने, पुढून जवळपास 59 इंच, पाच फुटी ट्रेलरवर दोन्हीकडे जेमतेम अर्धा इंच उरतो, मी तसाच चढवायला गेलो आणि फेंडर खरवडून घेतला, बायको अजून टोमणे मारते. साडेसहा फुटीच बघ. रॅम्प लांब हवा, नाहीतर गाडीचं पोट टेकतं. ट्रेलरच्या वजनमर्यादेच्या प्लेटवर 2,990 पौंड लिहिलंय म्हणजे तेवढा माल चालतो असं नाही हं, ट्रेलरचं स्वतःचं वजन त्यातच धरलेलं असतं. हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडतो त्या जोडावर, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार येईल अशी ट्राइक ट्रेलरवर उभी कर, मागे जास्त झाला की हायवेला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.