दरवर्षी मरून जाणारे पेक्टोकार्या कोरड्या वर्षी नामशेष का होत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातील पेक्टोकार्या रेकर्वेटा ही वनस्पती जर एका हंगामात बी धरून मरून जाते, तर हिवाळ्यात पाऊस न झालेल्या वर्षी तिचा वंश टिकतो कसा? याचे उत्तर जमिनीखाली आहे. तिचे सगळे बी एकाच वर्षी उगवत नाही. काही बी मातीतच जिवंत राहून पुढच्या एखाद्या हिवाळ्याची वाट पाहते.

बोराजिनेसी कुळातील ही वनस्पती इतकी लहान आहे की चालताना ती पायाखाली येते, पण नजरेत भरत नाही. पांढरे, पाच पाकळ्यांचे फूल जेमतेम दोन मिलिमीटरचे असते. भिंगाखाली पाहण्यासारखे आहे ते तिचे फळ. त्याच्या चार अरुंद, एकबीजी फाका होतात, त्या बाहेर पसरून मागे वळतात, आणि त्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. त्या दात्यांच्या टोकाशी असलेले बारीक आकडे प्राण्यांच्या केसांत अडकतात, आणि बी दूर जाऊन पडते.

सोनोरनमध्ये पाऊस उन्हाळ्यातही पडतो आणि हिवाळ्यातही. परंतु या रोपाचे बी हिवाळी पावसाला, थंड मातीत उगवते. सगळे बी एकदम का उगवू नये, याचा गणिती विचार शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडला. वार्षिक, म्हणजे एकाच हंगामात जगून मरणाऱ्या, वनस्पतीच्या बाबतीत प्रत्येक वर्षाची संख्येतील वाढ मागच्या वर्षाच्या वाढीने गुणली जाते, आणि गुणाकारात एकदा शून्य आले की आधीची कितीही भरभराट कामास येत नाही. त्यामुळे चांगल्या वर्षीचा थोडा लाभ सोडूनही काही बी मागे राखणे दीर्घकाळात फायद्याचे ठरते.

या विचाराची कसोटी ॲरिझोनातील टूसान शहराजवळच्या टुमामॉक टेकडीवर लागली. तेथे १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेने वाळवंटी प्रयोगशाळा उभारली होती, आणि १९८२ पासून शास्त्रज्ञ लॉरेन्स व्हेनेबल व त्यांचे सहकारी तेथील हिवाळी वार्षिक रोपांची उगवण, मृत्यू आणि बीजोत्पादन यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवत आले. ज्या जातींचे बीजोत्पादन वर्षागणिक फार वरखाली होते, त्यांचे बी कमी प्रमाणात उगवते, असे त्यातून दिसून आले. माझ्या मते वाळवंटी वनस्पतींविषयी इतका निर्णायक पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि तो मिळाला तो केवळ दीर्घकाळच्या चिकाटीमुळे.

आता आपल्या रोपाकडे वळू. पेक्टोकार्या सावकाश वाढते, पण खर्च केलेल्या पाण्याच्या मानाने तिचे प्रकाशसंश्लेषण अधिक होते, आणि थंड हवेतही ते चांगले चालते. अशा काटकसरी जातींना पाऊसमानातील चढउतारांचा फटका कमी बसतो, त्यामुळे मातीतील न उगवलेल्या बियांच्या साठ्यावर त्यांची भिस्त तुलनेने कमी असते. भरघोस पावसाच्या वर्षी झपाट्याने वाढणाऱ्या जातींना मात्र हा साठा अधिक लागतो.

याच नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. टूसानचे हवामान तापत असतानाही या समुदायात थंडी मानवणाऱ्या जातींचे प्रमाण वाढले, आणि पेक्टोकार्या त्यांपैकीच एक आहे. उगवणीला लागणारा पाऊस पूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस येई, तो पुढे डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत लांबला. त्यामुळे हंगाम एकंदरीत उष्ण होऊनही रोपे प्रत्यक्षात उगवू लागली ती अधिक थंड दिवसांत. तापमान वाढले की उष्णतेला सरावलेल्या जातीच पुढे येतील, हा अंदाज येथे चुकतो, कारण या रोपांच्या दृष्टीने वर्षाच्या सरासरीपेक्षा पहिला पाऊस पडतो त्या आठवड्यातील तापमान अधिक निर्णायक असते.