वय वंदना कार्डावर वडिलांची दरवर्षीची तपासणी फुकट होते का?

नाही होत. आयुष्मान भारत योजनेतल्या सत्तरीपुढच्यांच्या त्या कार्डावर रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च मिळतो, वर्षाला ५ लाखांपर्यंत. नुसतं रक्त तपासायला ते चालत नाही. पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘वडील ७२ वर्षांचे, धडधाकट आहेत, मग तपासणीची गरज आहे का?’ ते वाचलं म्हणून लिहायला बसले.

माझे अण्णाही धडधाकटच होते. वय ७४, अर्धं आयुष्य गिरणीत गेलेलं, लालबागहून दादरला चालत जायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड मिळायला लागलं तेव्हा दादाने धावपळ करून काढून दिलं. मी म्हणत होते, एकदा शुगर बघून घेऊ, रात्री चार-चारदा लघवीला उठतायत. दादाचं एकच, ‘पाच लाखांचं कार्ड आहे, काही झालं तर बघू. तपासत बसलं की आजार निघतात.’ अण्णांना तेच हवं होतं.

पावसाळ्यात एका संध्याकाळी ते बाजारातून आले. चाळीच्या जिन्यापासून आमच्या दारापर्यंत रक्ताचे ठसे, एकाच पायाचे. चपलेतून खिळा आरपार येऊन अंगठ्याखाली रुतलेला आणि अण्णा मला विचारतायत, ‘हे कुणाचं गं रक्त?’ शुगरने पायाच्या नसा कधीच बधिर झाल्या होत्या. जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. कार्डावर सगळं झालं, एक पैसा लागला नाही. दादा अजून म्हणतो, बघ, कार्ड कामाला आलं. अरे, शुगर आधी कळली असती तर बोटं वाचली असती.

आणि ती कळायला पैसेही लागत नव्हते. मुंबई महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’त बीपी, शुगर, रक्ताच्या तपासण्या फुकट होतात. आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. वडिलांना उपाशीपोटी घेऊन जा, घरात कुणाची परवानगी मागत बसू नका. भाऊ असेल तर त्याला नंतर सांगा.

हां, वडील सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेत, असतील तर गोष्ट वेगळी. तिथे ओपीडी आणि औषधंही मिळतात, पण मग ते किंवा हे कार्ड, एकच ठेवता येतं.

शुगर निघाली तर डॉक्टरांना पायही बघायला सांगा. तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून विचारतात, लागतंय का. डॉक्टरांनी अण्णांच्या तळव्याला चार ठिकाणी टेकवून दोरा ठेवूनही दिला होता, आणि अण्णा डोळे मिटून वाट बघत होते, कधी सुरू करतायत म्हणून.