बसता येणारे शिल्प करताना

सांगलीतील बागेसाठी बसता येतील आणि हाताने फिरवता येतील अशी शिल्पे करण्याचा आपला विचार मला मनापासून आवडला. मात्र आराखडा काढण्याआधी एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता जागेवर जाऊन लोखंडी बाकावर तळहात टेकवून पाहा. चटका बसला, तर तिथे कोणी बसणार नाही, आणि ज्यावर कोणी बसत नाही ते असे शिल्प अपुरेच राहते. बार्सिलोनातील वास्तुविशारद गाउदीच्या पार्क ग्वेल या बागेतला नागमोडी बाक फरशीच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. त्याच्या वळणांमुळे अनोळखी माणसेही आपोआप समोरासमोर येतात, हेच मला त्यातले खरे कौशल्य वाटते. बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजींनाही सहज उठता येईल.

फिरत्या बैठकीची काळजी अधिक घ्यावी लागते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी तिच्या बरेच वर गेले होते. माझ्या पहिल्या बैठकीच्या बेअरिंगमध्ये त्या पुराचा पिठासारखा बारीक गाळ शिरला आणि ती कायमची अडकली. म्हणून बेअरिंग झाकलेले आणि वरून उचलून काढता येईल असे बसवा, आणि फिरत्या भागाखालची फट ८ मिलिमीटरहून कमी ठेवा, कारण मुलांची बोटे सर्वांत आधी तिथेच जातात.