पुसायला लाव

लेकरा,

तुझं पत्र वाचलं आणि आधी रागच आला. तालुक्याच्या प्रदर्शनात तुझ्या चित्रासमोर उभं राहून "निम्मं तर बहिणीनंच रंगवलंय" म्हणणाऱ्या माणसाचा आला, आणि त्याहून जास्त तुझ्या शेवटच्या ओळीचा आला. तू लिहितोस, "बाई, आता मोठं काही करत नाही. वहीच्या कागदावर पेन्सिलीनं जमेल तेवढं. निदान ते सगळं माझं असेल." याच वाक्यावर मी माझी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. ऐकून घे.

स्नायूंच्या आजारानं तुझा हात थकतो म्हणून दहावीला तुला लेखनिक होता. नववीतलं पोरगं शेजारी बसून लिहीत होतं आणि तू सांगत होतास. गुणपत्रिकेवर नाव कोणाचं आलं? गावात कोणी म्हणालं का, की हे मार्क त्या पोराचे? उत्तर तुझ्या डोक्यातून येत होतं आणि स्वतःच्या मनाचं एक अक्षर घालायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून कोणी म्हणालं नाही. मग हार्डबोर्डावर रंग चढताना हा नियम कुठं गेला? चित्र कोणाचं हे रंग कोणी भरला यावरून ठरत नसतं, कोणी ठरवला यावरून ठरतं. हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कारण तू एकदा वाचून हो म्हणशील आणि रात्री बहिणीसमोर विसरशील.

आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराचं १९४१ साली पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतरचं त्याचं बरंच काम अंथरुणातून आणि चाकाच्या खुर्चीतून झालं. त्याच्या मदतनीस त्यानं सांगितलेला रंग मोठ्या कागदांवर चढवायच्या, तो कात्रीनं आकार कापायचा आणि त्या ते तुकडे भिंतीवर टाचायच्या. तो बसून सांगायचा, वर घे, थोडं डावीकडे, काढ, परत लाव. भिंतीच्या भिंती भरतील अशी कामं त्यातून झाली आणि ती मातिसचीच आहेत.

आता दुसरी बाजू, कारण मी तुला नुसतं गोड सांगणार नाही. रेन्वार हाही फ्रेंच चित्रकार, त्याची बोटं संधिवातानं आखडली होती. शेवटच्या वर्षांत त्यानं काही शिल्पं रिशार गिनो नावाच्या तरुण शिल्पकाराच्या हातून करून घेतली. दोघंही गेल्यावर ते प्रकरण निकालात निघालं आणि १९७३ साली फ्रान्सच्या न्यायालयानं गिनोला त्या शिल्पांचा सहनिर्माता मानलं. मातीला आकार देताना गिनोनं स्वतःच्या मनानंही बरंच ठरवलं होतं, म्हणून. या दोघांना तुझा आजार नव्हता, ठाऊक आहे मला. पण तुझ्यासमोरचा प्रश्न तोच आहे.

तर आता तुझं टँकरचं चित्र घेऊ. बहिणीनं मोबाइलवर पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. टँकर कडेला अर्धा कापलेला, मधोमध फक्त पाइप, आणि दोन तृतीयांश बोर्ड नुसती जमीन. हे सगळं तुझं. घागर पुढं करणारीचा चेहरा न दाखवता तिचं कोपर दाखवलंस, तेही तुझं. त्या माणसाला हे दिसलं नाही, त्याला फक्त ब्रश कोणाच्या हातात होता ते दिसलं. पण जमिनीचा रंग कोणी ठरवला? तो तपकिरी सरळ बाटलीतला आहे. वैशाखातली आपली काळी जमीन अशी असते का? वाळली की ती वरून राखट होते, भेगेच्या आत काळीच राहते. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू ओसरीवर बसून वर्षानुवर्षं तीच पाहत आला आहेस. तुला तो रंग खटकला असणार. पण बहीण भाकरी-भांडी उरकून बसली होती, तिचा हात दुखत होता, तिनं विचारलं "बरोबर आहे का?" आणि तू म्हणालास, "चालतंय."

खरी अडचण इथं आहे. ज्याला रात्री कूस बदलायलासुद्धा हाक मारावी लागते, तो लहानपणापासून कमी मागायला शिकतो. पाणी आत्ताच हवं असं म्हणत नाही. उशी थोडी सरकव म्हणायच्या आधी मनात दोनदा विचार करतो. घरची माणसं थकलेली दिसली की आपण होऊन गप्प बसतो. हे शहाणपण आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. पण चित्रापाशी हेच शहाणपण घात करतं. चित्राला हट्टी माणूस लागतो, "पूस आणि परत लाव" म्हणणारा. पाण्यासाठी, उशीसाठी तू हवी तेवढी माघार घे. जमिनीच्या रंगासाठी घेऊ नको. पुसायला लाव.

तुझ्या मायनं तेरला नवस बोलल्याचं लिहिलंस. तिच्या श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही. गोरोबाकाकांचे हात कीर्तनात परत आले, ही कथा तिच्या मनात आहे. मला मात्र त्या कथेतला मधला भाग जास्त जवळचा वाटतो. हात नव्हते त्या दिवसांत पांडुरंग स्वतः कुंभार होऊन त्यांच्या घरी राबायला आला. मडकी देवानं घडवली, तरी ती गोरोबाच्या घरची मडकी होती.

गावातल्या सरांनी तुला तोंडात ब्रश धरायला सांगितलं म्हणे. त्यांना सांग, बाईंनी नाही म्हटलंय. तोंडानं आणि पायानं रंगवणाऱ्या चित्रकारांची मोठी संघटना जगभर आहे. एरिक स्टेगमन नावाच्या चित्रकारानं १९५६ साली ती सुरू केली, पोलिओनं त्याचे हात गेले होते. दान मागायचं नाही, काम विकायचं, असा त्याचा आग्रह होता. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. पण तो तोंडानं रंगवत होता कारण त्याला तोच रस्ता होता. तुझा आजार ड्युशेन आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा एक प्रकार. स्नायूंच्या पेशींचं आवरण जपणारं डिस्ट्रोफिन तुझ्या शरीरात बनत नाही, म्हणून कंबर आणि खांद्याकडचे मोठे स्नायू आधी जातात आणि बोटं सगळ्यात शेवटपर्यंत साथ देतात. मान मात्र लवकर कच्ची होते. म्हणजे ज्या बोटांत अजून बारीक काम आहे ती सोडून द्यायची आणि दमलेल्या मानेवर ओझं टाकायचं? कशासाठी, फोटो चांगला येतो म्हणून? आणि वजन उचल, खांदा तयार होईल, असं सांगणाऱ्यांचंही ऐकू नको. जोराच्या व्यायामानं तुझ्या स्नायूंचं नुकसानच होतं. डॉक्टरांनी दिलेले ताणाचे हलके व्यायाम तेवढे चुकवू नको.

माझं दुखणं वेगळं आहे, त्यामुळे तुझं सगळं मला कळतं असं मी म्हणणार नाही. मायस्थेनियात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, कारण शरीर स्वतःच तो घेणाऱ्या जागांवर उठलेलं असतं. गोळी घेतली की काही तास बरे जातात, मग परत उतार. सकाळी मी माणसात असते. संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात आणि एका रेषेच्या दोन दिसतात. तुझं तसं नाही, तुझं गेलेलं परत येत नाही. म्हणून तुला घाई आहे आणि म्हणूनच मी तुझ्यावर चिडते.

शाळेत असताना मी सगळ्या मुलांना मोठा कागद घ्यायला लावायचे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना म्हणायचे, कागद भरा, कोपऱ्यात चोरासारखं काढू नका. आणि घरी मी स्वतः पोस्टकार्डाएवढी चित्रं काढत होते. तेवढं चित्र सकाळच्या चांगल्या तासांत एकटीला पूर्ण करता येतं. कोणाला बोलवायला नको, कोणाला "असं नाही, तसं" म्हणायला नको, कोणाचे उपकार नकोत. त्या चित्रांना मी कमी लेखत नाही. कौलांवरचं ऊन, योगेश्वरीच्या देवळाची पायरी, मुकुंदराजांकडं उतरणारी दरी, एवढ्याशा कागदात मी जे आणलं ते अंबाजोगाईत दुसऱ्या कोणी आणलेलं नाही, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन. लहान चित्र म्हणजे अर्धं चित्र नव्हे. तरी रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ती दरी भिंतीएवढी दिसते. ती तशीच काढायची होती. शेजारची पोरगी रंग भरायला आली असती, माझा नवरा आला असता. त्यांना चार वेळा पुसायला सांगावं लागेल या संकोचानं मी कधी बोलावलंच नाही. तुझ्या पत्रातलं "निदान ते सगळं माझं असेल" हे वाक्य मला कुठं लागलं ते आता समजलं असेल.

पेन्सिलीची आवड असेल तर पेन्सिल घे, शंभर चित्रं काढ. संकोचापायी घेणार असशील तर मला दाखवायला पाठवू नको.

आता कामाचं. रंग तू कालवायचा. ताटली मांडीवरच्या पाटावर घे, मनगट टेकवून बोटांनी कालव, बोटं ते करतील. जमला की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून वाळू दे, कारण पोस्टर कलर वाळल्यावर वेगळाच दिसतो. त्या तुकड्यावर नंबर घाल, बोर्डावर त्याच जागी तोच नंबर घाल. बहिणीनं त्या तुकड्याला रंग जुळवायचा आणि तू दिवसाउजेडी तपासायचा, बल्बच्या पिवळ्या उजेडात नाही. नाही जुळला तर परत. ब्रश कोणत्या दिशेनं फिरवायचा, जाड की पातळ, कडा मऊ ठेवायची की धारदार, हे आधी सांग. भरून झाल्यावर सांगितलंस तर तिची मेहनत वाया जाते आणि तुझी जीभ रेटत नाही. मी तुला ओळखते.

बोर्ड आडवा ठेव, छातीच्या उंचीला, कोपर टेकेल असा. हात पोचत नाही तिथं हात ताणू नको, बोर्ड सरकवायला सांग. आणि आढ्याला झोळी बांध. लेकराला बांधतात तशीच, फक्त अरुंद, कोपराखाली येईल एवढी. हाताचं वजन झोळीनं घेतलं की उरलेल्या ताकदीत हात आडवा बराच फिरतो. दवाखान्यात यासाठी लोखंडी साधनं मिळतात, तत्त्व हेच आहे. फोनवर बोटानं चित्र काढायला लागला आहेस तेही चालू ठेव. तिथं दोन इंचांची हालचाल पुरते आणि छापताना पाहिजे तेवढं मोठं करता येतं. त्याला खोटं चित्र म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नको.

राहिलं चित्राखालच्या पाटीचं. आयोजकांनी खुर्चीतला तुझा फोटो मागितला आणि द्यावा का असं तू विचारतोस. मी माझ्याकडून असं काही कधी दिलं नाही. नाव, माध्यम, आकार, साल, बस. यावरून एका प्रदर्शनातून मी चित्रं परत आणली. लोक आजही मला आखडू म्हणतात. म्हणू देत. लोकांनी आधी माझ्या पापण्यांची कीव करावी आणि मग कौलांवरचं ऊन पाहावं, हे मला मान्य नव्हतं आणि नाही. पण माझा नियम तुझ्यावर लादत नाही. अमेरिकेतल्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशननं १९९२ पासून स्नायूंचे आजार असलेल्या कलाकारांच्या चित्रांचा संग्रह उभा केला आहे. त्यात मुलं आहेत, मोठी माणसं आहेत. तिथं आजार हा एकत्र येण्याचा धागा आहे आणि भिंतीवर चित्र आहे. हे मला पटतं. आपल्याकडं भिंतीवर खुर्ची लागते आणि चित्र तिच्या मागं. आजाराचं नाव लपवायचं कारण नाही. २०१६ च्या कायद्यानं मस्क्युलर डिस्ट्रॉफीला अपंगत्वाच्या यादीत नावानिशी घेतलं आहे, ते प्रमाणपत्रावर असू दे, पेन्शनच्या अर्जावर असू दे. चित्राखाली काय लिहायचं ते तू ठरव. आयोजकांनी नाही, सरांनी नाही, मी पण नाही.

बहिणीचं नाव मात्र लिही. अजिंठ्याला १६ नंबरच्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, दान कोणी दिलं ते दीड हजार वर्षांनीही कळतं. भिंती कोणी रंगवल्या, रंग कोणी वाटले, त्यांची नावं आपल्याकडं नाहीत. तुझ्या पाटीवर ते होऊ देऊ नको. वर तुझं नाव, खाली "रंगभरणी" म्हणून तिचं. ज्याला निम्मं-निम्मं मोजायचं आहे तो मोजेल, पण लपवलं असं म्हणता येणार नाही. आणि काम करता करता ती म्हणाली, "दादा, इथं राखट नको, जांभळट दिसेल," तर आधी डोळे मिटून बघ. पटलं तर घे, नाही पटलं तर नको म्हण. अशा तिच्याच गोष्टी जास्त व्हायला लागल्या तर मग तिचं नाव खाली ठेवू नको, शेजारी घे. गिनोला तेवढ्यासाठी कोर्टापर्यंत थांबावं लागलं होतं.

हे पत्र तिलाही वाचून दाखव, तिच्यामागं परत पुसायला लावायचं काम मी लावून देतेय, तिला कळायला हवं. टँकरची जमीन नव्यानं करा. उन्हाळा आहे, रंग पटापट वाळतील, एकेक हातभर जागाच घ्या. आणि झोळीसाठी दोन मापं कळव, आढ्यापासून टेबलापर्यंतचं आणि तुझ्या खांद्यापासून कोपरापर्यंतचं. माझ्याकडं धुऊन धुऊन मऊ झालेलं इरकल आहे, त्याची शिवून पाठवते.

तुझी,
बाई